पाणवठा : नव्या पाहुण्याची खोली



गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की खाऱ्या पाण्याचा फिश टँक सांभाळणं वाटतं तितकं अवघड नाही. अंक तुमच्या हातात पडला, आणि त्याच पंधरवड्यात आमच्या टँकमधले पाचपैकी चार मासे मेले. दोष टँकचा नव्हता, माशांचाही नव्हता. माझा होता. यंदाचं 'पाणवठा' त्या चौघांबद्दल आहे. आणि ज्यांच्या घरी असा टँक आहे किंवा मुलं "आई, नीमो आणूया ना" म्हणून मागे लागली आहेत, त्यांच्यासाठी आहे.

आम्ही बुओना व्हिस्टाला, गिम मोहच्या बाजूला राहतो. लेक दहा वर्षांची झाली तेव्हा तिला क्लाउनफिशची जोडी आणली होती. मोठीचं नाव लाडू, धाकट्याचं चिवडा. नावं अर्थात लेकीनं ठेवलेली. सहा वर्षं ही जोडी टँकच्या डाव्या कोपऱ्यात सुखानं नांदली. पुढे त्यांच्या सोबतीला आणखी दोन मासे आले. गेल्या वर्षी दिवाळीला घरी वीसेक माणसं फराळाला येणार होती. मला वाटलं, टँकमध्ये एक काहीतरी 'उठून दिसणारं' हवं. दुकानात पावडर ब्लू टँग दिसला. आभाळी निळं अंग, वर पिवळाधम्मक पट्टा. आपल्याच बाजूच्या समुद्रातला, लक्षद्वीप-मालदीवकडचा मासा. दिवाळीला नऊ दिवस होते. दुकानातून पिशवी आणली, अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली आणि माशाला सोडून दिलं.

त्या वेळी माझे बाबा कुडाळहून आले होते. बाबा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले. उभी हयात गोठ्यांमध्ये गेली. मासा त्यांच्या लेखी ताटात असतो. तरी रोज सकाळी चहा घेऊन टँकसमोर बसायचे. वसुबारसेला ते म्हणाले, "गो, ह्यो अंग घासता कित्याक? गोचीड लागल्यासारखो." मी बघितलं, टँग खडकाला अंग घासत होता. मी म्हटलं, नवी जागा आहे, रुळेल. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ह्येका धाप लागलीसा दिसता." मी चकल्या तळत होते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी टँग तळाशी पडलेला होता. अंगावर बारीक सोनेरी भुकटी भुरभुरावी तसा थर दिसत होता. पाडव्याला दोन मासे गेले. भाऊबीजेला लाडू गेली. उरला एकटा चिवडा.

लेक रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आई, तो दुकानातून आणला तेव्हाच आजारी होता का?" होता. मग तिनं विचारलं, "मग आपण तपासलं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पाहुण्यांना दाखवायचा होता म्हणून तपासला नाही.

हे दोन पाहुणे ओळखून ठेवा

समुद्री माशांना अनेक परजीवी लागतात. घरच्या टँकमध्ये बहुतेक वेळा घात करतात ते दोन.

पहिला म्हणजे 'मरीन इक', शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून माशावर जगणारा एकपेशीय जीव. तो तीन ते सात दिवस तिथे खातो आणि बहुधा रात्री अंधारात गळून पडतो. तळाला किंवा खडकाला चिकटून स्वतःभोवती कोष विणतो. कोषाच्या आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्लं तयार होतात. काही दिवसांनी, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, ती बाहेर पडून पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात.

आता यातली मेख बघा. ठिपके नाहीसे झाले की आपण म्हणतो, "बरा झाला हो!" प्रत्यक्षात परजीवी जेवून उठलेला असतो आणि खाली पिल्लं वाढवत असतो. आठवड्याभरानं दसपट ठिपके घेऊन रोग परत येतो. मधल्या काळात ज्यानं लसूण घातलेलं खाणं दिलं असेल तो म्हणतो, लसणानं गुण आला होता. लसूण फोडणीत ठेवावी. ती इक बरा करत नाही.

दुसरा पाहुणा अधिक घातकी. 'मरीन व्हेल्वेट', म्हणजे अ‍ॅमिलोडिनियम. १९३१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयातील माशांवर त्याची नोंद झाली. हा आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच माशाला धाप लागते. मासा पंपाच्या झोतात तोंड धरून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. मखमली थर दिसू लागतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. याच्या एका कोषातून अडीचशेच्या घरात पिल्लं निघू शकतात. आमच्याकडे आला होता तो हाच. बाबांना धाप दिसली होती, मला फक्त रंग दिसत होता.

खुल्या समुद्रात हे जीव असतातच. पण तिथे पाणी अथांग, मासे फिरते. शेकडो पिल्लांतल्या एखाद्यालाच मासा सापडतो. आपल्या टँकमध्ये दोनशे लिटर पाणी आणि पळायला जागा नाही. तिथे बहुतेक सगळ्यांनाच मासा सापडतो. दुकानात तर अनेक टँकचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असतं. दुकानदार वाईट असतो असं नाही. समुद्रातून पकडलेला, तीन-चार हातांतून आलेला, उपाशी आणि घाबरलेला मासा आजार घेऊन येणार, हे धरूनच चालावं.

चाळीस दिवसांचा शब्द

आमच्या बुओना व्हिस्टाचं नाव इटालियन भाषेतलं. अर्थ 'छान देखावा'. 'क्वारंटीन' हा शब्दही तिकडचाच. 'क्वारांता' म्हणजे चाळीस. प्लेगच्या काळात रागूसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, इथे १३७७ साली बाहेरून आलेल्यांना तीस दिवस वेगळं ठेवण्याचा नियम झाला. पुढे व्हेनिसकडे तीसाचे चाळीस झाले. मला छान देखावा हवा होता आणि चाळीस दिवस नको होते. सगळी गोष्ट एवढीच.

सिंगापूरला हा शब्द नवा नाही. १८७३ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर १८७४ मध्ये सेंट जॉन्स बेटावर क्वारंटीन स्टेशन सुरू झालं. चीनमधून, हिंदुस्थानातून बोटीनं आलेल्या कित्येकांची सिंगापूरशी पहिली ओळख त्या बेटावर झाली. आज त्याच बेटावर राष्ट्रीय सागरी प्रयोगशाळा आहे. जिथे माणसं वेगळी ठेवली जात, तिथे आता समुद्री जीव टाक्यांमध्ये ठेवून अभ्यासले जातात. मरीना साउथ पिअरहून बोट मिळते. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

आणि आपल्यापैकी अनेकांनी तर हे स्वतः भोगलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात आईचं दिवसकार्य आटोपून मी परत आले तेव्हा हॉटेलच्या खोलीत एकवीस दिवस काढले. खिडकी उघडत नव्हती. दाराबाहेर डबा ठेवल्याचा आवाज यायचा, मग पावलं दूर जायची. लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लाडू-चिवडा दाखवायची. त्या एकवीस दिवसांत मी एकदाही म्हटलं नाही की हे अनाठायी आहे. घरी दोन माणसं होती, त्यांच्यासाठी ते होतं. माशांच्या वेळी मात्र अर्धा तास पुरेसा वाटला.

बाबांनी भाऊबीजेच्या रात्री शांतपणे एवढंच म्हटलं, "बाजारातला जनावर आणला की पंधरा-वीस दिवस येगळ्या खुंटयाक बांधतत. लाळ-खुरकूत एका जनावरान येता आणि गोठो घेऊन जाता." हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. गोठ्यातलं शहाणपण हॉलमधल्या काचेच्या पेटीलाही लागू पडतं, हे सुचलं नाही.

खोली कशी मांडायची

वेगळा टँक महाग नसतो. चाळीस ते साठ लिटरची साधी काचेची पेटी लहान माशांना पुरते. मोठ्या टँगला याहून मोठी हवी. आमची आहे बॉम्ब शेल्टरमध्ये. तांदळाची पोती आणि सूटकेसा एकीकडे, मासा दुसरीकडे. जागा अंधारी आणि वर्दळ नसलेली, म्हणून माशाला शांत. जागा निवडताना अंतर बघा. व्हेल्वेटचे जंतू हवेतल्या बारीक तुषारांतूनही जाऊ शकतात. प्रयोगात ते तीन मीटरपर्यंत पोचलेले आढळले आहेत. म्हणजे दोन टँक शेजारी-शेजारी ठेवले तर वेगळं ठेवण्याला अर्थ नाही.

आत वाळू नाही, खडक नाही. दोन्ही औषध शोषून घेतात आणि कोषांना लपायला जागा देतात. लपायला माशाला पीव्हीसी पाइपचे तुकडे द्या. हे विसरू नका. आडोसा नसलेला मासा खात नाही. वर झाकण हवं, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. हवा सोडणारा पंप हवा. आणि एक स्पंज फिल्टर, जो किमान महिनाभर आधी मुख्य टँकच्या फिल्टरच्या कप्प्यात ठेवलेला असावा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला येतात. मासा आणल्यावर स्पंज विकत आणणं म्हणजे आधी कळस मग पाया. नव्या पाण्यात परजीवीआधी अमोनियाच माशाला मारतो.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, म्हणून मीठ मिसळायला आरओ-डीआय फिल्टरचं पाणी वापरा. आणि दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतू नका. दुकानाच्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, वेगळ्या टँकची तेवढीच ठेवा आणि नंतर हळूहळू वाढवा. जाळी, नळी, बादली या टँकची वेगळी. आम्ही त्यांना लाल चिकटपट्टी लावली आहे. आधी मुख्य टँकचं काम, मग वेगळ्या टँकचं, मग साबणानं हात. स्वयंपाकघरातल्या खरकट्या-निरख्याची शिस्त पाळणाऱ्या घरात हे शिकवावं लागत नाही.

औषध : मोरचुदाची गोष्ट

पहिले काही दिवस फक्त बघा. मासा खातो का, श्वास किती वेगानं घेतो, अंग घासतो का. खायला लागला की औषध.

इक आणि व्हेल्वेट दोन्हींवर चालणारं जुनं औषध म्हणजे तांबं. बाबांना बाटली दाखवली तर म्हणाले, "म्हणजे मोरचूदच ना?" कोकणात सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतो. नातं तेच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिऊन वाढलेल्या आपल्याला तांब्याचं कौतुक फार. पण इथे जपून. औषध आणि विष यांत इथे अगदी थोडं अंतर आहे.

साध्या, मोकळ्या तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. चिलेटेड, म्हणजे बांधून ठेवलेल्या तांब्याचं दोन ते अडीच मिलिग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासे तरी मरतील, नाहीतर परजीवी तरी जगतील. म्हणून बाटलीवर लिहिलेलंच प्रमाण धरा आणि त्या प्रकाराचं तांबं मोजणारी टेस्ट आणा. प्रमाण दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा. रोज मोजा. एकदा पूर्ण प्रमाणाला पोचलं की तीस दिवस खाली येऊ द्यायचं नाही. पाणी बदलाल तर नव्या पाण्यातही तेवढंच तांबं आधी मिसळा. अमोनिया मारणारी काही रसायनं तांब्याबरोबर घातली तर तांबं आणखी विषारी होतं, तेव्हा अमोनियावर उपाय पाणी बदलण्याचाच.

तीस दिवस कशासाठी? तांबं माशावर बसलेल्या परजीवीला मारत नाही, कोषालाही नाही. फक्त पोहत्या पिल्लांना मारतं. एकेक करून सगळे कोष उघडेपर्यंत पहारा द्यायचा, इतकंच ते करतं. चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

फक्त इक असेल तर औषधाविनाही एक उपाय आहे. दोन टँक घ्या. दर ७२ तासांनी मासा एकातून दुसऱ्या स्वच्छ, नव्या पाण्याच्या टँकमध्ये हलवा, जुनं पाणी बरोबर नेऊ नका, रिकामा टँक धुऊन पूर्ण वाळवा. असे चार वेळा. गळलेले कोष दर वेळी मागे राहतात, पिल्लं निघण्याआधी मासा गेलेला असतो. व्हेल्वेटला हा उपाय पुरत नाही.

चपट्या कृमींसाठी, ज्यांना फ्लूक म्हणतात, प्राझिक्वांटेल हे औषध, साधारण आठवड्याच्या अंतरानं दोनदा. दोनदा यासाठी की अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. आणि तांबं मुख्य टँकमध्ये कधीही घालू नका. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी लिटरला चिमूटभर तांब्यानंही जातात, आणि खडकानं शोषलेलं तांबं नंतर काढणं फार कठीण.

रिकामा टँक

भाऊबीजेच्या रात्री चिवड्याला प्लॅस्टिकच्या टबमध्ये हलवलं. तीस दिवस तांबं. त्याच वेळी मुख्य टँकला उपास घडवायचा होता. मासाच नसेल तर परजीवीची पिल्लं उपाशी मरतात. पण काही कोष फार उशिरा उघडतात. प्रयोगशाळेत एखादा कोष ७२ दिवसांनी उघडल्याचीही नोंद आहे. म्हणून छंदवाले लोक ७६ दिवस थांबतात. आम्हीही थांबलो.

शहात्तर दिवस हॉलमध्ये दिवे लागलेला, पंप चाललेला, प्रवाळ हलणारा आणि मासा नसलेला टँक. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अरे, मासे कुठे गेले?" आणि लेक प्रत्येकाला सगळं सांगायची. कुठेही मला वाचवून घेतलं नाही, पण टाकूनही बोलली नाही. संक्रांतीच्या सुमारास चिवडा परत आपल्या कोपऱ्यात गेला.

क्लाउनफिशबद्दल एक गोष्ट कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. ते सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर हळूहळू मादी होतो. चिवडा आता चांगला मोठा झाला आहे, आणि तो आता 'तो' नसावा असा आमचा अंदाज आहे. लेक म्हणते, नाव बदलायचं नाही.

आता त्याला, किंवा तिला, जोडीदार आणला आहे. पिंजऱ्यात जन्मलेला, समुद्रातून न पकडलेला लहानसा क्लाउनफिश. हे आम्ही ठरवून केलं. त्या टँगला कुणीतरी प्रवाळातून उचलून विमानात घालून माझ्या हॉलपर्यंत आणलं होतं, आणि मी त्याला नऊ दिवस दिले. असा मासा पुन्हा आणायचा नाही, असं नाही म्हणत मी. पण आणला तर त्याची खोली आधी तयार हवी. आणि सांभाळणं जमलं नाही तर मासा समुद्रात किंवा कालव्यात सोडू नका. इथे तो गुन्हा आहे, आणि आपल्या घरचा आजार समुद्राला देणं कुणालाच शोभत नाही.

आपल्याकडे घाटात पाटी असते, अति घाई संकटात नेई. लेकीनं ती मोठ्या अक्षरांत लिहून बॉम्ब शेल्टरच्या दारावर चिकटवली आहे. तिच्या हातचं मराठी अक्षर म्हणून बाबांनी फोटो मागवून घेतला आणि कुडाळला सगळ्यांना दाखवला. 'संकटात'चा अनुस्वार राहिला आहे, तो मुद्दाम तसाच ठेवला.

हे लिहिते आहे तेव्हा नव्या पाहुण्याचा अकरावा दिवस आहे. तांबं कालच पूर्ण प्रमाणाला पोचलं. खातो चांगलं. दिवाळीला तो बाहेर येणार नाही, येईल तो तुळशीच्या लग्नाच्या आसपास.

तेव्हा फराळाला नक्की या, चकल्या यंदा बाबांनी सांगितलेल्या भाजणीच्या आहेत. टँकमध्ये एकच मासा दिसेल. दुसरा कुठे आहे, ते लेकीला विचारा. ती सांगेल, पण दार उघडणार नाही.